म्हातारी: शब्द आला कुठून आणि म्हणावा कुणाला

प्रश्न असा: मुंबईत मलबार हिलवरच्या बागेतलं बुटाच्या आकाराचं घर, म्हणजे 'म्हातारीचा बूट', बघून आलेल्या मुलीने घरी विचारलं, "म्हातारी म्हणजे आजीच ना? मग आजीला म्हातारी म्हटलं की आई का रागावते?" तिच्या वडिलांनी त्याला आणखी दोन गोष्टी जोडल्या. शब्दाचं मूळ काय, आणि 'महा-तारी, म्हणजे सगळ्यांना तारणारी' ही फोड खरी का?

थोडक्यात उत्तर असं की म्हातारी या शब्दाचा मूळ अर्थ वय झालेली बाई असा नव्हताच. तो मानाचा शब्द होता. 'महा-तारी' ही फोड चुकीची आहे, ती का चुकते ते पुढे येईलच. आई रागावते तेही बरोबर आहे, पण त्याचं कारण शब्दाच्या अर्थात नसून तो कोण कुणाला म्हणतं यात आहे. आता सविस्तर.

मूळ शब्द संस्कृत 'महत्तर'. महत् म्हणजे मोठा आणि 'तर' हा तुलनेचा प्रत्यय, जो उच्चतर, गुरुतर यांत दिसतो. फारसीतून आलेल्या बेहतर, बदतर यांतही तोच 'तर' आहे, आणि आपण 'हालत बत्तर झाली' म्हणतो तो बत्तर म्हणजे झिजलेला बदतर. तेव्हा महत्तर म्हणजे इतरांपेक्षा मोठा. हा मोठेपणा मानाचा आणि अधिकाराचा. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत राजा दान जाहीर करताना ज्यांना उद्देशून बोलतो त्यांची एक ठरलेली यादी येते: राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट, आयुक्तक, नियुक्तक, आधिकारिक, महत्तर. यातला राष्ट्रपती म्हणजे प्रांताचा अधिकारी, आणि यादी उतरत उतरत गावापर्यंत येते तिथे शेवटी महत्तर उभा असतो. गावातला ज्याचा शब्द चालतो तो माणूस. मुंबई, ठाणे, रायगडच्या आगरी-कोळी वस्त्यांत घरोघर दिसणारं म्हात्रे हे आडनाव याच महत्तराचं आहे. उत्तर कोकणात म्हातरा हा गावचा मानकरी असे, त्याचं अनेकवचन म्हातरे, आणि मधला स्वर गळून झालं म्हात्रे.

बायकांचंही तसंच. भरताच्या नाट्यशास्त्रात राजाच्या अंतःपुरातल्या स्त्रियांची मोठी यादी आहे, पट्टराणीपासून निरोप पोचवणाऱ्या दासीपर्यंत. तीत 'महत्तरी' आणि 'स्थविरा' अशा दोन निरनिराळ्या स्त्रिया येतात. महत्तरी ही अंतःपुराची राखण करणारी, स्वस्तिवाचन करून सगळ्यांचं भलं चिंतणारी. दोन्ही शब्दांचा अर्थ नुसता 'वय झालेली' असता तर एकाच यादीत दोघींना वेगळ्या जागा मिळाल्या नसत्या. ही महत्तरी आपल्या म्हातारीची थेट पूर्वज, आणि तिच्या शेजारची स्थविरा कोणाची पूर्वज तेही पुढे बघू.

महत्तरपासून म्हातारीपर्यंतचा प्रवास पायरी-पायरीने तपासता येतो, आणि तो तपासल्याशिवाय कुठलीही व्युत्पत्ती मान्य करू नये. पहिली पायरी, 'मह' आकसून 'म्ह' होणं. महिषीची म्हैस झाली तेच इथे घडलं. दुसरी, 'त्त' हे जोडाक्षर सुटून एकेरी 'त' उरणं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबणं: सप्त, सत्त, सात, तसंच भक्त (शिजवलेलं अन्न), भत्त, भात; क्रम संस्कृत, प्राकृत, मराठी असा. तिसरी, शेवटचा 'इका' झिजून 'ई' होणं. या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायऱ्या एकत्र बघायच्या असतील तर 'माती' हा शब्द घ्यावा. मृत्तिका, मत्तिआ, माती. अगदी याच वाटेने महत्तरिका (महत्तरीचंच लांब रूप), महत्तरिआ, म्हातरी. पुरुषवाचक रूपात शेवटी 'अक'चा 'आ' होतो, जसा घोटकचा घोडा.

लक्ष देऊन वाचणाऱ्याला इथे एक खडा लागेल. या हिशोबाने 'म्हातरी' मिळतं, 'म्हातारी' नाही. नियमाचं आखूड रूप बोलीत आणि म्हात्रे आडनावात टिकलेलं आहेच. दुसऱ्या अक्षराची, 'ता'ची, लांबी नंतरची आहे, पण ती मराठीनेच केलेली चूक नव्हे, कारण हीच लांबी आणखी एका शब्दात आहे आणि तो शब्द मुंबईत रोज कानावर पडतो: महतारी.

अवधी, भोजपुरी, छत्तीसगढी बोलणाऱ्या माणसाची 'महतारी' म्हणजे आई. छत्तीसगढमध्ये भूमातेलाही 'छत्तीसगढ महतारी' म्हणतात. टॅक्सी चालवणारा कुणी फोनवर आपल्या महतारीची तब्येत विचारत असेल तर मराठी कानाला वाटतं, घरातल्या कुणा म्हातारीची चौकशी चाललीय. प्रत्यक्षात तो आईची चौकशी करत असतो. दोन्ही शब्द त्याच महत्तरीचे. मराठीने 'मह'चा 'म्ह' केला, उत्तरेने 'ह' सुटा ठेवला, एवढाच उच्चारातला फरक.

अर्थातला फरकसुद्धा दिसतो तेवढा मोठा नाही. गिरणगावात, लालबाग-परळ-डिलाईल रोडच्या चाळींत, घाटावरून आणि कोकणातून आलेले कामगार 'गावाला म्हातारी एकटीच असते', 'म्हातारीला मनीऑर्डर धाडली' असं बोलत, तेव्हा ती म्हातारी म्हणजे आईच असे. 'माझी म्हातारी' यात मालकीची ऊब आहे, वयाचा हिशोब नाही. घरातली सगळ्यांत मोठी, जिचा शब्द मोडता येत नाही अशी बाई, हा महत्तरीचा जुना अर्थ इथे शाबूत आहे. कोश चाळणाऱ्यांनी हा अर्थ वेगळा नोंदवला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. 'म्हातारी = वृद्ध स्त्री' एवढ्यावर थांबलं की अर्धा शब्द हातातून निसटतो.

आता या शब्दाची सगळ्यांत सुंदर बाजू. आठव्या शतकातले श्वेतांबर जैन आचार्य हरिभद्र स्वतःला 'याकिनीमहत्तरासूनु' म्हणवून घेत. याकिनी ही जैन साध्वी, महत्तरा ही तिची पदवी, आणि सूनु म्हणजे मुलगा. परंपरा सांगते की विद्वत्तेचा अभिमान असलेल्या हरिभद्रांना या साध्वीच्या तोंडची एक गाथा उलगडली नाही, आणि तिथून त्यांचं आयुष्य पालटलं. एवढा मोठा पंडित स्वतःची ओळख 'याकिनी महत्तरेचा मुलगा' अशी सांगतो. मराठी उच्चारात उतरवलं तर ते 'याकिनी म्हातारीचा पोर' असं होईल. आज ते कानाला खटकतं. त्या काळी त्याहून मोठा मान नव्हता.

असंच एक उदाहरण थेट मराठीत आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी महदाइसेला म्हातारी म्हणत. महदाइसा म्हणजे 'धवळे' रचणारी, मराठीची आद्य कवयित्री मानली जाणारी बाई. स्वामींना ती सतत काही ना काही विचारत राही, आणि स्वामी कौतुकाने सांगत की ही म्हातारी जिज्ञासक आहे, चर्चक आहे. कमीपणा दाखवायला वापरलेला शब्द अशा वाक्यात बसत नाही. मराठी लिहिली जाऊ लागली त्या पहिल्या शतकांतच हा शब्द एका विचारी बाईला उद्देशून प्रेमाने आलेला आहे, हे शाळेतल्या मुलांनाही सांगायला हवं.

याकिनीच्या महत्तरा पदवीवरून इतर दोन शब्दांकडे वळता येतं, आणि तिथे मराठीतला एक विलक्षण मेळ दिसतो. आजी हा शब्द 'आर्यिका'पासून. आर्यिका, अज्जिआ, आजी. 'र्य'चा 'ज्ज' आणि मग 'ज', जसं कार्य, कज्ज, काज. आर्यिका म्हणजे आदरणीय बाई, आणि दिगंबर जैन परंपरेत साध्वीला आजही आर्यिका म्हणतात. तिसरा शब्द थेरडी. हा 'स्थविर'पासून, म्हणजे नाट्यशास्त्रातल्या त्या स्थविरेपासून. स्थिरचा थिर होतो तसा स्थविरचा पालीत थेर झाला. थेर म्हणजे संघातला ज्येष्ठ भिक्खू, थेरी म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणी. थेरीगाथा हा त्या भिक्खुणींच्या रचनांचा संग्रह. पुरावा बघायला मुंबईच्या बाहेर जायलाही नको. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांत ब्राह्मी लेखांमध्ये भिक्खूंच्या नावांआधी 'थेर' ही पदवी कोरलेली आहे, आणि भिक्खुणींनी दिलेल्या दानांचे लेखही तिथे आहेत.

म्हणजे म्हातारी, आजी, थेरडी हे तिन्ही शब्द मुळात पदव्या आहेत, आणि तिन्ही पदव्या संसार सोडलेल्या, ज्ञानाने मोठ्या झालेल्या बायकांना लावल्या गेल्या आहेत. एक घरातल्या नात्यात जाऊन बसली, एक वयाला चिकटली, आणि एकीची शिवी झाली.

पदवी वयाला का चिकटते? गावचा मानकरी बहुधा वयस्क असतो. पद चालू असेपर्यंत शब्दात दोन्ही अर्थ नांदतात, अधिकार आणि वय. पुढे कारभार पाटील-देशमुखांकडे गेला, महत्तर हे पद मागे पडलं आणि शब्दाच्या हातात फक्त वय उरलं. उलटा प्रवासही होतो. अरबी 'शेख' म्हणजे मुळात वृद्ध माणूस, त्यावरून टोळीचा प्रमुख, मग पदवी, मग आडनाव. लॅटिन 'सीनियर' म्हणजे अधिक वयाचा, त्यावरून इंग्रजांचा 'सर'. मुंबईत एखाद्या इमारतीखालच्या नावांच्या पाटीवर शेख आणि म्हात्रे एकाखाली एक लिहिलेले असतात. एक शब्द वयाकडून मानाकडे चढला, दुसरा मानाकडून वयाकडे उतरला.

थेरडीची शिवी कशी झाली त्याचं उत्तर शेवटच्या 'डी'त आहे. अपभ्रंश या, प्राकृत आणि मराठी यांच्या मधल्या टप्प्यातल्या भाषेतला 'ड' हा लहानपण दाखवणारा प्रत्यय, त्यात मूळचं वाईट काही नाही. बापडा मधला 'ड' कणव दाखवतो. पण तोच 'ड' मोठ्या माणसाच्या नावाला लागला की त्याला लहान करतो: थेरडा, थेरडी, म्हातारडा, म्हातारडी. म्हातारीचं नुकसान या बाबतीत कमी झालं, कारण तिचं बिनप्रत्ययाचं रूप जिवंत राहिलं आणि अपमानाचा भार 'म्हातारडी'ने उचलला. थेरी हे साधं रूप मात्र बोलण्यातून गेलं, उरली ती थेरडी. म्हणून तो शब्द मराठीत कुठल्याही प्रसंगी, कुणाही बाईला वापरू नये. कथेत एखाद्या पात्राच्या तोंडी तो घालायचा असेल तर ते पात्र कसं आहे हे त्या एका शब्दाने ठरतं, हे लक्षात ठेवून घालावा.

आता 'महा-तारी'. लोकांनी केलेल्या अशा फोडी वाईट हेतूने केलेल्या नसतात, पण त्या पारखून घ्याव्या लागतात. गंमत म्हणजे उच्चाराच्या कसोटीवर ही फोड पहिल्या फटक्यात पडत नाही, कारण महादेवचा म्हादेव होतोच. ती पडते पुढच्या कसोट्यांवर. म्हातारा हे पुरुषवाचक रूप आहे, म्हातारं हे नपुंसकलिंगी आहे, शिवाय तो विशेषण म्हणून बैलालाही लागतो. म्हातारा बैल कुणाला तारतो? पुन्हा, 'महातारी' असा शब्द वृद्ध बाईसाठी जुन्या लिखाणात मिळायला हवा, तो मिळत नाही. महत्तर मात्र ताम्रपटांत आहे, नाट्यशास्त्रात आहे, जैन परंपरेत आहे, आणि शेजारच्या भाषांत त्याची भावंडं आहेत. खरी व्युत्पत्ती एकट्या शब्दाची नसते, ती सगळं कुटुंब समजावून देते.

दुसरी चुकीची फोड 'मातृ'पासूनची, महतारीमुळे सुचणारी. इथे उच्चारच आड येतो. दोन स्वरांमधला एकेरी 'त' मराठीपर्यंत पोचताना गळून जातो: मातेची माय झाली, शतचं शे झालं. म्हातारीतला 'त' ठणठणीत आहे, म्हणजे तो मुळात दुहेरी होता. आणि 'म्ह'मधला 'ह' मातृमधून येण्याचा प्रश्नच नाही.

स्वतः तपासून बघायचं असेल तर कोश याच क्रमाने उघडावेत. आधी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ची दुसरी आवृत्ती, कारण तीत शब्दाचा त्या काळचा जिवंत वापर मिळतो, आणि ती इंटरनेटवर फुकट शोधता येते. मग दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, प्रांतोप्रांतीच्या रूपांसाठी. त्यानंतर कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा व्युत्पत्तिकोश, आणि शेवटी टर्नर यांचा भारतीय आर्यभाषांचा तौलनिक कोश, ज्यात महत्तर या नोंदीखाली भावंडं शोधता येतात. उलट क्रमाने गेलं तर होणारी चूक नेहमीची आहे: आधी मूळ आवडून जातं आणि मग वापर त्यात कोंबला जातो. छापील कोश समोरासमोर ठेवून बघायचे तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच.

कुणाला म्हणावं, हा रोजच्या कामाचा भाग. आजी हे नातं आहे. आजी म्हटलं की 'कुणाची?' हा प्रश्न मागोमाग येतो, आणि अनोळखी बाईला आजी म्हणतो तेव्हा आपण तिला 'माझी' करून घेतो. लोकलमध्ये उठून जागा देताना 'आजी, बसा' बरोबर. केस पिकलेले असले तरी चालणं-बोलणं खणखणीत असेल तर 'मावशी' किंवा 'काकू' अधिक बरं, कारण आजी या शब्दाने आपण परस्पर तिचं वय ठरवून टाकतो. म्हातारी हे नातं नाही, ते वर्णन आहे. तोंडावर वर्णन करणं हाच अपमान, मग वर्णन खरं असो वा नसो. मुलीची आई रागावते ती यासाठी. पण तेच म्हाताऱ्या नवऱ्याने 'अगं म्हातारे, चहा टाकतेस का' म्हटलं की त्यात पन्नास वर्षांचा संसार बोलतो. मालवणीत 'गे म्हातारे' अशी हाक जिव्हाळ्याची असते. परक्याने म्हटलं तर वर्णन, घरच्याने म्हटलं तर माया.

बातमी लिहिणाऱ्यांची गोष्ट वेगळी. 'वृद्धा' हा शब्द मथळ्यात सर्रास दिसतो, साठ-बासष्टच्या बाईलाही. कायद्याने ज्येष्ठ नागरिक साठव्या वर्षापासून, २००७च्या पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात तीच मर्यादा आहे. पण ज्येष्ठ नागरिक म्हणजे वृद्ध असं तो कायदा म्हणत नाही. एसटीच्या मोफत प्रवासाची अमृत ज्येष्ठ नागरिक योजना तर पंचाहत्तरीपासून सुरू होते. बातमीत '६२ वर्षांची महिला' लिहावं, वाचणाऱ्याला वय कळतं आणि बाईवर शिक्का बसत नाही. ऐंशीच्या पुढे 'वृद्ध महिला' चालेल. 'म्हातारी' बातमीत नको, ललित लेखनात हवी.

व्याकरणातली एक जागा नेहमी घसरते. 'घरात म्हातारी माणसं आहेत' या वाक्यात म्हातारी स्त्रीलिंगी नाही. म्हातारं माणूस या नपुंसकलिंगी जोडीचं ते अनेकवचन आहे, त्यात आजोबाही आले. 'म्हातारी बाई'तलं म्हातारी स्त्रीलिंगी विशेषण, आणि 'म्हातारी आली'मधलं नाम. नाम असेल तर विभक्ती लागताना रूप बदलत नाही: म्हातारीला, म्हातारीचा. विशेषण असेल तर बदलतं: म्हाताऱ्या बाईला. इंग्रजी किंवा हिंदीवरून भाषांतर करणारे 'म्हातारी बाईला' लिहून जातात, ते चूक.

'म्हाताऱ्या' टाइप करतानाही चूक होते. साधा र, हलन्त आणि य दाबले की 'म्हातार्या' उमटतं, रफार डोक्यावर चढतो आणि शब्द 'भार्या'सारखा वाचला जातो. फोनच्या बऱ्याच मराठी कळफलकांवर 'र' दाबून धरला की खाली टिंब असलेला 'ऱ' मिळतो. तो घेऊन मग हलन्त आणि य. फरक जीवघेणा वाटत नसेल तर 'दर्या' आणि 'दऱ्या' लिहून बघावं. एक समुद्र, दुसरी डोंगरातली खोरी.

आता बूट. कमला नेहरू पार्क १९५२चं, आणि तो बूट एका इंग्रजी बालगीतावरून बांधलेला आहे. बुटात राहणारी, इतकी मुलं की काय करावं ते न सुचणारी ती बाई, हे गीत अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये छापलेलं. मुंबईच्या मराठी माणसाने तिचं नाव 'म्हातारी' केलं, 'आजी' केलं नाही, आणि त्याचा भाषेचा कान किती तयार होता ते यात दिसतं. 'आजीचा बूट' म्हटलं असतं तर कुणाच्या तरी आजीची चप्पल-बूट डोळ्यांपुढे आली असती. मराठी गोष्टीतलं पात्र नेहमी म्हातारीच असतं. 'एक होती म्हातारी' म्हटलं की ती कुणाचीच नसते आणि म्हणून सगळ्यांची होते. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी, वाघ-कोल्ह्यांना चकवणारी तीच. बुटातला जिना चढून खिडकीतून चौपाटी बघणाऱ्या मुलांना इंग्रजी गाणं ठाऊक नसतं, पण म्हातारी ठाऊक असते, आणि तेवढ्याने ती जागा त्यांची होते.

चौपाटीवर उतरलं की काठीला लावलेले गुलाबी साखरेचे पुंजके दिसतात. हिंदीत 'बुढ्ढी के बाल', मराठीत 'म्हातारीचे केस'. इथला बुढ्ढी 'वृद्ध'पासून, वुड्ढ मार्गे. विदर्भात 'बुढा-बुढी' हे शब्द घरच्या वडीलधाऱ्यांना, आईवडिलांनाही लावतात, म्हणजे तिथेही वय आणि माया एकत्रच.

म्हणींपैकी एकीबद्दल लिहायलाच हवं: म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. काळ म्हणजे मृत्यू, सोकावणे म्हणजे चटावणे, चव लागून पुन्हा पुन्हा येणं. सगळा जोर दुसऱ्या अर्ध्यावर आहे. सोसायटीच्या जिन्यात एकाने चपलांचं कपाट ठेवलं, कमिटीने 'जाऊ दे, लहानसं तर आहे' म्हटलं, आणि दिवाळीपर्यंत तीन मजल्यांवर कपाटं, कुंड्या, सायकली. नुकसान पहिल्या कपाटाचं नसतं, पडलेल्या पायंड्याचं असतं. हे सांगायला इतकी नेमकी म्हण दुसरी नाही. पण पहिला अर्धा भाग सुटा वापरू नये, आणि ज्या घरात किंवा सभेत कुणी वयस्क माणूस नुकतं गेलेलं आहे तिथे पूर्ण म्हणही वापरू नये. तिथे ऐकणाऱ्याला फक्त पहिले चार शब्द ऐकू येतात.

शेवटी ती म्हातारी, जिला मुंबईतली मुलं अजूनही पकडायला धावतात. होळीच्या सुमारास आणि पुढे पाऊस येईपर्यंत रेल्वेरुळांच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर वाढलेल्या रुईची शेंग वाळते आणि एका बाजूने उकलते. आत चपट्या तपकिरी बिया खवल्यांसारख्या एकावर एक रचलेल्या, आणि प्रत्येकीच्या एका टोकाला रेशमासारख्या पांढऱ्या केसांचा झुबका. शेंगेतून सुटला की तो झुबका चहूबाजूंनी फुलतो आणि बी तरंगायला लागतं. तीच 'म्हातारी'. काटेसावरीचा कापूस दिसायला जवळचा, पण त्याला हे नाव तितकंसं शोभत नाही. सावरीचे तंतू बोंडाच्या आतल्या भिंतीला फुटतात आणि बिया त्यात नुसत्या गुंडाळलेल्या असतात. रुईचे केस मात्र थेट बीच्याच डोक्यातून उगवलेले असतात. तळहातावर घेऊन बारकाईने बघितलं तर चिमुकलं सुरकुतलेलं डोकं आणि त्यावरचे पिकलेले केस स्पष्ट दिसतात. फुंकर मारताना बी आपल्याकडे आणि झुबका वर धरावा, म्हणजे ती सरळ उठते आणि चाळीच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत जाते.